मे महिन्यात कोकणात रानातल्या आमरी (ऑर्किड) आणि कीटकांचे फोटो कसे काढावेत?

सगळ्यात आधी वाऱ्याचं गणित बघा. किनाऱ्यालगत पहाटे हवा बरीचशी स्थिर असते, पण जमीन तापली की समुद्रावरून खारे वारे सुरू होतात. मग लांब दांड्यावरची फुलं हलायला लागतात आणि मॅक्रो (अगदी जवळून काढलेला मोठा फोटो) जवळपास अशक्य होतो. म्हणून उजाडल्यापासून साधारण नऊपर्यंत काम उरका.

कोकणातल्या बऱ्याच आमरी झाडांवर वाढतात, त्यामुळे आंबा, फणस, ऐन यांच्या खोडाकडे आणि फांद्यांकडे नजर ठेवा. मे अखेरीस सीतेची वेणी ही आमरी फुलायला लागते. तिचे लोंबते तुरे अनेकदा उंचावर असतात, तिथे मॅक्रोपेक्षा ७०-३०० मिमीची झूम लेन्स जास्त कामी येते. कॉटोनिया नावाची आमरी दिसली तर तिच्यासाठी नक्की थांबा! तिच्या फुलाची पाकळी हुबेहूब मधमाशीसारखी दिसते, आणि ते फुलाच्या पातळीवरून टिपलं तर छान कळतं.

कीटकांसाठी अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८ ते एफ/११, शटर १/२०० सेकंदाच्या आसपास, आणि प्रकाश मऊ पडावा म्हणून फ्लॅशवर बटर पेपर. फोकस डोळ्यावरच हवा. आंब्याच्या झाडावर पानं शिवून केलेली लाल मुंग्यांची घरटी असतात, ती आधी बघून मगच खोडाला टेका.

एसी गाडीतून उतरल्यावर कॅमेरा थोडा वेळ बॅगेतच राहू द्या, नाहीतर काचेवर वाफ धरते.

फूल तोडून सोयीच्या जागी ठेवू नका. आणि फोटो टाकताना नेमकी जागा सांगू नका, लोक झाडं ओरबाडून नेतात.