'करा'चं इंग्रजीत 'कर' होतं

तुझा प्रश्न थोडक्यात असा: विक्रोळीला राहतोस, टॉवरच्या साईटवर अकरा वर्षं सुपरवायझर आहेस, मार्चमध्ये मँचेस्टरला येतोयस. ऑफर लेटरमध्ये 'रोज सकाळी टीमला ब्रीफिंग देणे' ही ओळ वाचल्यापासून झोप उडालीये. "दादा, इंग्रजी कामापुरतं येतं, पण वीस गोऱ्यांसमोर उभं राहून काय बोलू?" दादा म्हणालास म्हणून अरे-तुरे करतोय. आणि खरं तर सगळी गोम या अरे-तुरेतच आहे, पुढे सांगतो.

बाकीचं आधी उरकतो. घरभाड्याशिवाय काउन्सिल टॅक्स, म्हणजे इथल्या पालिकेचा घरावरचा कर, वेगळा भरावा लागतो, तो हिशेबात धर. साईटवर शिरायला बहुतेक ठिकाणी सीएससीएस कार्ड, म्हणजे बांधकामावरच्या माणसाचं पात्रतेचं ओळखपत्र, मागतात, त्यासाठी सेफ्टीची परीक्षा असते. साईट मॅनेजरच्या कामाला एसएमएसटीएस हा साईटच्या सुरक्षेचा पाच दिवसांचा कोर्स लागतो. त्याचे पैसे कोण भरणार ते कंपनीला आत्ताच विचार, आणि उत्तर ईमेलवर घे.

आता बोलण्याचं. पहिलं म्हणजे समोर वीस गोरे नसतातच. माझ्यासमोर रोज रोमेनियन, पोलिश, आयरिश, दोन पंजाबी आणि उरलेले इथले असतात. अर्ध्यांचं इंग्रजी तुझ्यापेक्षा कच्चं, उरलेल्यांचं इतकं इथलं की पहिला महिना तुला ओ की ठो कळणार नाही. व्याकरणाला कुणी हसत नाही. दुखतो तो सूर.

मी मँचेस्टरच्या अँकोट्स भागात काम करतो. जुन्या सूतगिरण्या, आता फ्लॅट. लोअर परळला गिरण्यांचे मॉल नि टॉवर झाले तसंच. माझे आजोबा गिरणगावात साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. साच्यांच्या आवाजात ओरडल्याशिवाय काही ऐकूच येत नसे, त्यामुळे घरीही ते मीठ मागायचे ते पलीकडच्या खोलीला ऐकू जाईल असं. तोच आवाज वडिलांमार्फत माझ्याकडे आला. मुंबईच्या साईटवर तो कामाचाच होता: ब्रेकर चालू, मिक्सर चालू, खाली ट्रकवाल्याचा हॉर्न. इथे त्याच आवाजात 'गुड मॉर्निंग' म्हटलं तर माणसं दचकतात.

पण आवाज पंधरा दिवसांत उतरला. भाषेचा घोळ निस्तरायला वर्ष गेलं. मराठीत मान क्रियापदात असतो. 'ते फळकूट उचला' म्हणताना त्या 'ला'मध्येच तू समोरच्याचं वय, अनुभव सगळं मानून मोकळा होतोस. वर 'कृपया' लावलंस तर उलट सरकारी पाटीसारखं वाटेल. इंग्रजीत क्रियापद उघडं. 'करा'चं भाषांतर 'डू', आणि 'डू' म्हणजे 'कर'. तुझ्या मनात आदर आहे, तोंडातून आज्ञा बाहेर पडते, आणि दोन पोरांचा बाप असलेला सुतार तुझ्याकडे अशा नजरेने बघतो की आपलं काय चुकलं तेच कळत नाही. म्हणून इथे आदर क्रियापदाच्या बाहेर, सुटा ठेवावा लागतो: 'कुड यू', 'वुड यू माइंड', 'शॅल वी'. हा शेवटचा तर आपल्या 'करू या का'चा सख्खा भाऊ. ही चाटूगिरी वाटेल तुला, मलाही वाटायची. इतकंच धर की हा त्यांचा 'ला' आहे.

आता माझी फजिती. तिसरा आठवडा. प्लास्टरबोर्ड, म्हणजे भिंतींना लावायचे जिप्समचे तक्ते, लावणारी पाच जणांची टोळी दोन दिवस मागे पडली होती. त्यांचा फोरमन आयरिश, साठीला टेकलेला. मी सकाळी सगळ्यांसमोर म्हणालो, "यू पीपल आर ऑल्वेज लेट. व्हॉट इज युवर प्रॉब्लेम?" डोक्यात साधं मराठी होतं: तुम्ही लोकं नेहमी लेट करता, प्रॉब्लेम काय आहे? कांदिवलीच्या साईटवर हे वाक्य मी दिवसातून चारदा बोलत असेन, आणि पुढचा माणूस हसून "साहेब, माल नाही ना" म्हणायचा. इथे 'यू पीपल' म्हणजे 'तुमची जात', आणि पुढचा प्रश्न म्हणजे भांडणाचं आमंत्रण. फोरमनने हातातला कप बोर्डांच्या थप्पीवर ठेवला, हातमोजे उचलले आणि चौघांना घेऊन कँटीनमध्ये जाऊन बसला. एक शब्द नाही. मला वाटलं, चहाला गेले.

आमचा साईट मॅनेजर जवळ येऊन म्हणाला, "आय वुड मेबी हॅव अ वर्ड विथ हिम." मी 'मेबी' ऐकलं आणि जेवणानंतर बघू म्हणून सोडून दिलं. त्या 'मेबी'चा अर्थ 'आत्ता, पळत जा' असा होता. साडेबारापर्यंत एकही बोर्ड लागला नाही. शेवटी गेलो, म्हटलं माझी चूक झाली, मला असं बोलायचं नव्हतं. तो म्हणाला, "यू'र ग्रँड." विषय संपला. मग सहज विचारावं तसं विचारलं, बोर्ड वर पोचायला काय अडतंय? सामानाची लिफ्ट दोन दिवस बंद होती आणि त्याची माणसं बोर्ड जिन्याने वाहत होती. हाच प्रश्न सकाळी विचारला असता तर अर्धा दिवस वाचला असता.

या लोकांचं मोजमाप एकदा कळलं की सोपं जातं. 'नॉट बॅड' म्हणजे छान. 'क्वाइट गुड' म्हणजे जेमतेम. 'आय'म अ बिट कन्सर्न्ड' ऐकलंस की हातातलं काम टाकून जा. आणि सकाळी 'यू ऑलराइट?' विचारतात त्याला राम राम समज. मी पहिल्या दिवशी त्यावर कंबरदुखी सविस्तर सांगितली होती.

एक मात्र विसरू नकोस: धोका असेल तिथे हे सगळं बासनात. क्रेनला लोड लटकतोय आणि खाली माणूस उभा आहे, तेव्हा 'वुड यू माइंड' नाही. 'स्टॉप!' तिथे गिरणीतला आवाज काढायचा. त्याचा राग कुणी धरत नाही.

आता प्रत्यक्ष ब्रीफिंग. पाच-सात मिनिटं, त्याहून जास्त नाही. डिसेंबरात इथे सूर्य आठच्या पुढे उगवतो आणि काम साडेसातला सुरू होतं, म्हणजे माणसं अंधारात, पावसात, ओल्या जाकिटात तुझ्यासमोर उभी. एका दिवशी एकच विषय. पाच विषय घेतलेस तर शून्य पोचतील. आणि शेवटी 'अंडरस्टुड?' असं विचारू नकोस. आपल्याकडे 'समझा क्या?' वर सगळे 'हां साब' म्हणतात आणि मग उलटीच सळई बांधतात. रोमेनियन माणूसही तशीच मान हलवतो. मी आता एकाला विचारतो, "आज वर गेल्यावर तुझं पहिलं काम काय?" तो सांगताना अडखळला की कळतं, मीच नीट सांगितलं नव्हतं. तेच पुन्हा दुसऱ्या शब्दांत सांगतो, कागदावर रेघोट्या मारून.

सूर म्हणजे काय, ते मला एका सकाळी दिसलं. आदल्या दुपारी परांचीचा एक कपलर, म्हणजे पाईप जोडायचा लोखंडी क्लॅम्प, तिसऱ्या टप्प्यावरून खाली पडला होता. कुणाला लागलं नाही, पण तिथून दोन हातांच्या अंतरावर एक पोरगा उभा होता. मुंबईत अशा वेळी पहिला प्रश्न 'किसने किया?' आणि संध्याकाळपर्यंत एका बिगाऱ्याची हजेरी कापलेली. इथे साईट मॅनेजर खुर्चीवर-बिर्चीवर चढला नाही, घोळक्यातच उभा राहिला. आधी म्हणाला, सगळे धड आहेत. मग काय झालं ते चार वाक्यांत, कुणाचं नाव न घेता. मग "व्हॉट डिड वी मिस?" आणि गप्प बसला. चांगला अर्धा मिनिट. मला ती शांतता सोसवेना, मी काहीतरी बोलणार होतो, तेवढ्यात मागून एक जण म्हणाला की वरच्या टप्प्यावर सुटे कपलर ठेवायला डबाच नाहीये, फळीवरच पडलेले असतात. नऊ वाजता डबे आले. ब्रीफिंग संपल्यावर ज्याच्या हातून पडला तो आपणहून मॅनेजरकडे गेला. काय बोलले माहीत नाही, दोघं चहा घेऊन बाहेर आले.

हा निव्वळ चांगुलपणा समजू नकोस. २०१५ च्या सीडीएम, म्हणजे बांधकामातल्या सुरक्षेच्या, नियमांप्रमाणे कामगारांशी सल्लामसलत करणं मुख्य कंत्राटदारावर बंधनकारकच आहे. पण कायद्याने मीटिंग भरवता येते, ती अर्ध्या मिनिटाची शांतता ज्याची त्यालाच शिकावी लागते.

आणि हे सगळं विलायतेतच शिकायला मिळतं असं नाही. लोअर परळच्या साईटवर आमचा एक मुकादम होता. हजेरी घेताना प्रत्येकाला एकच वाक्य बोलायचा: "तेरी बेटी का बुखार उतरा?" "घर पैसा पहुंचा?" वाक्य झालं की लगेच पुढचं नाव. त्याची माणसं पावसाळ्यातही गावी पळत नसत. तेव्हा आम्ही डिप्लोमावाले त्याला हसायचो. आता वाटतं, माणूस रात्री झोपलेला नाही हे तो चेहऱ्यावरून ओळखायचा आणि त्या दिवशी त्याला वर पाठवायचा नाही. इथेही तेच कर, फक्त चारचौघांत नको. घरचं काही विचारायचं तर बाजूला घेऊन, चहावर. या धंद्यात इथे आत्महत्यांचं प्रमाण बरंच जास्त आहे. नेहमी टवाळी करणारा चार दिवस गप्प असेल तर मी आता कारण काढून त्याच्याबरोबर सामान मोजायला जातो.

चहाला इथे ब्रू म्हणतात. कटिंग घेऊन येणारा पोऱ्या नाही. स्वतः उठायचं आणि उठताना बाकीच्यांना विचारायचं. पहिल्या आठवड्यात तू स्वतः सहा जणांचा ब्रू कर, कुणाला दूध किती ते लक्षात ठेव. 'सर' कुणाला म्हणू नकोस, साहेबालाही नाही, नावानेच. माझी जीभ महिनाभर वळत नव्हती, मी 'एक्सक्यूज मी'वर भागवलं. थट्टामस्करी भरपूर चालते, पण पहिले दोन महिने तू फक्त हस.

शेवटी विचारलंयस, सेफ्टी शूज तिथून आणू का. नको. कामाची सुरक्षा साधनं कंपनीने फुकट द्यायची, असा इथे कायदा आहे. लोकरी मोजे मात्र चार जोड आण, आणि इथे बुटाचं माप देशील तेव्हा ते घालून दे.