क्रमवारीवर विसंबण्यापूर्वी

प्रबंधासाठी देशांच्या जागतिकीकरणाची तुलना करणार असाल, तर क्रमवारीतला आकडा उचलण्याआधी त्यात नेमके काय मोजले आहे ते तपासा. आयात-निर्यातीचे जीडीपीशी असलेले गुणोत्तर सर्वांत सोयीचे वाटते. परंतु व्यापार एकूण किमतीने आणि जीडीपी मूल्यवर्धनाने, म्हणजे देशात नव्याने भर पडलेल्या किमतीने, मोजला जात असल्यामुळे सिंगापूरमध्ये ते ३०० टक्क्यांच्या वर जाते, तर प्रचंड देशांतर्गत बाजारपेठ असलेली अमेरिका याच मापाने बंदिस्त दिसते. चाकणच्या कारखान्यात बाहेरून आलेला सुटा भाग गाडीत बसून पुन्हा परदेशी गेला, की त्याची किंमत आयातीत आणि निर्यातीत अशी दोनदा धरली जाते.

झुरिचच्या केओएफ या अर्थशास्त्रीय संशोधन संस्थेच्या जागतिकीकरण निर्देशांकात आर्थिक, सामाजिक व राजकीय अशा तिन्ही बाजू आहेत. २०१८च्या सुधारित आवृत्तीत प्रत्यक्ष व्यवहार आणि धोरणांची मोकळीक यांची मोजणी वेगळी केली आहे. माझ्या मते हा भेद सर्वांत उपयोगी आहे, तेव्हा दोन्ही आकडे स्वतंत्रपणे वापरा. मात्र सांस्कृतिक घटकात मॅकडोनाल्ड्स आणि आयकियाची दुकानेही मोजली जातात, त्यामुळे जागतिक होणे आणि पाश्चात्त्य होणे यांची गल्लत होण्याचा धोका राहतो. (पुण्याच्या बाकरवडीला परदेशात गिऱ्हाईक मिळाले, तर त्या रकान्यात त्याची नोंद होत नाही.) घटकांचे भारांक (निर्देशांकात प्रत्येक घटकाला दिलेले वजन) थोडे बदलूनही देशांचा क्रम टिकतो का, हे मार्गदर्शकांनी विचारण्याआधीच पाहून ठेवा.