२१४७४८३६४७ मूळ आहे हे ऑयलरने हाताने कसं दाखवलं?

तुम्ही विचारलंय की २१४७४८३६४७ ही मूळ संख्या आहे हे गणितज्ञ ऑयलरने १७७२ मध्ये संगणकाशिवाय कसं ठरवलं, आणि २ चा एवढा घात घेऊन १ वजा केला तर तीही मूळ येते का.

ही संख्या म्हणजे २^३१ − १. हिचं वर्गमूळ साधारण ४६,३४०. तिथपर्यंतच्या मूळ संख्याच पावणेपाच हजारांच्या आसपास आहेत, आणि तेव्हा ऑयलरची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. एवढे भागाकार करायची वेळच त्याने येऊ दिली नाही.

समजा, प या मूळ संख्येने हिला पूर्ण भाग जातो. मग २^३१ ला प ने भागल्यावर बाकी १ उरते. २ चे घात वाढवत गेलं की बाकी ठरावीक अंतराने १ वर परत येते, आणि त्या अंतराने ३१ ला भाग जायला हवा. ३१ मूळ, म्हणून अंतरही ३१ च. पण फर्माच्या प्रमेयानुसार २ च्या (प − १) व्या घाताचीही बाकी १ असते. म्हणजे प − १ ला ३१ ने भाग जातो. प विषम, म्हणून तो ६२क + १ याच रूपाचा (क म्हणजे कोणतीही पूर्ण संख्या).

पुढची पायरी मला फार आवडते. २^३१ ची बाकी १, तर २^३२ ची बाकी २. आणि २^३२ हा तर २^१६ चा वर्ग! वर्गाची बाकी २ येते ती फक्त प ला ८ ने भागून १ किंवा ७ उरत असेल तरच. दोन्ही अटी जुळवल्या की उरतात २४८क + १ आणि २४८क + ६३. अशा संख्या जेमतेम ३७०. त्यातही ६३, २४९ वगैरे संयुक्त म्हणून बाद. ३११ मूळ आहे, पण भागून बघा, बाकी ३५ येते. शेवटपर्यंत एकानेही भाग जात नाही.

हीच युक्ती २^११ − १ वर करून पाहा. विभाजक २२क + १ रूपाचे, आणि पहिल्याच २३ ने भाग जातो: २३ × ८९ = २०४७. घातांक मूळ असला म्हणजे संख्या मूळ होतेच असं नाही.

आता दुसरा प्रश्न. ५ वरून ३१, ३१ वरून २१४७४८३६४७, तिन्ही मूळ. साखळी पुढे जावी असं कोणालाही वाटेल. पण ती इथेच तुटते. पुढची संख्या, म्हणजे २^२१४७४८३६४७ − १, ६४ कोटींहून जास्त अंकांची आहे, तरी तिला २९५२५७५२६६२६०३१ ने भाग जातो. हा विभाजकही ऑयलरच्याच साच्यातला: २ × ६८७४५ × २१४७४८३६४७ + १.