जुनं फंक्शन काढू का राहू दे?

प्रश्न: ताई नमस्कार. चार वर्षांपूर्वी कॉलेजात असताना मी पायथनची एक छोटी लायब्ररी (इतरांना आपल्या प्रोग्राममध्ये वापरता येईल असा तयार कोड) लिहून ओपन सोर्स केली होती, म्हणजे कुणालाही फुकट वापरता येईल अशी. आकडा दिला की रक्कम मराठीत अक्षरी करून देते, ‘बाराशे पन्नास रुपये फक्त’ असं, बिलं-पावत्यांसाठी. तेव्हाचं फंक्शन फ्लोट घेतं, म्हणजे दशांश आकडा बायनरीत (० आणि १ मध्ये) जवळपास साठवणारा प्रकार. आता मी डेसिमल (दशांश आकडा जसाच्या तसा ठेवणारा प्रकार) घेणारं नवीन लिहिलंय. एक मित्र म्हणतो जुनं उडवून टाक, दुसरा म्हणतो राहू दे की, तुझं काय खातंय ते. कोण कोण वापरतंय मला माहीत नाही पण अधूनमधून अनोळखी माणसं बग कळवतात. काय करू?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर: जुनं आहे एवढ्यावर काही ठरत नाही हो. त्या फंक्शनमुळं वापरणाऱ्याचं नुकसान होतंय का, हे आधी बघा. तुमच्या केसमध्ये होतंय. पायथनमध्ये २.६७५ हा आकडा दोन दशांशांपर्यंत राउंड करून बघा, तुम्ही म्हणाल २.६८ येईल, येतं २.६७, कारण तो आकडा बायनरीत नेमका बसत नाही, किंचित कमी होऊन साठतो. म्हणजे वजन गुणिले दर करून आलेली रक्कम जुन्या फंक्शनला दिली की कधीतरी एक पैसा कमी येणार, तो अक्षरात छापला जाणार आणि खाली सही होणार. एक पैसा म्हणून सोडून देऊ नका, मार्केट यार्डात दिवसाचा हिशेब जुळला नाही की दिवाणजी रात्री उशिरापर्यंत पावत्या चाळत बसतो, मी बघितलंय.

नुसतं नाव आवडत नाही, कोड दिसायला बरा नाही, एवढंच असतं तर मी म्हटलं असतं हात लावू नका. जावामधल्या डेट क्लासचे वर्ष-महिना-दिवस घेणारे कन्स्ट्रक्टर (तारीख तयार करणारा कोड) १९९७ साली डेप्रिकेट केले, म्हणजे ‘हे आता वापरू नका’ असं जाहीर केलं, ते आजही तिथं आहेत, जुने प्रोग्राम चालतायत. उलट सी भाषेतलं ओळ वाचणारं गेट्स हे फंक्शन, त्याला बफर (मजकूर ठेवायची ठरावीक जागा) केवढा आहे हेच कळत नाही त्यामुळं ते बफरच्या बाहेर लिहीत सुटतं, ते २०११ च्या स्टँडर्डमधून सरळ काढलं आणि बरोबर केलं.

तर डेप्रिकेट कराच. पण डेप्रिकेट करणं वेगळं आणि काढणं वेगळं, आणि मधला वेळ लोकांच्या कामाचा पाहिजे. आपल्याकडं कोल्हापुरात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ ला धोका पातळी. ३९ चा निरोप आला की चिखली-आंबेवाडीकडची माणसं जनावरं हलवायच्या तयारीला लागतात, पाणी दारात यायची वाट बघत नाहीत. त्या चार फुटांचा उपयोग होतो कारण निरोप घरापर्यंत पोचतो.

सॉफ्टवेअरमध्ये नेमकं हेच राहून जातं. माझ्याकडूनही राहिलंय. मी एका छोट्या लायब्ररीतलं जुनं फंक्शन काढलं, चेंजलॉगमध्ये (कुठल्या व्हर्जनला काय बदललं त्याच्या यादीत) एक ओळ लिहिली आणि मला वाटलं सांगून झालं. पंधरा दिवसांनी एका अडत दुकानाचं बिलिंग सांभाळणाऱ्या पोराचा फोन, ताई सकाळपासून पावती निघत नाही, बाहेर गाड्या थांबल्यात. त्यानं चेंजलॉग कधी उघडलाच नव्हता, आणि का उघडावा? वर मी व्हर्जनचा पहिला आकडाही बदलला नव्हता (तो बदलला की जुनं काहीतरी मोडेल असा इशारा असतो), त्यामुळं त्याच्या मशीनवर ते आपोआप अपडेट झालं. ती चूक पूर्ण माझी होती आणि अजून मला त्याचं वाईट वाटतं.

म्हणून तुम्ही असं करा. जुनं फंक्शन आतून नवीनलाच बोलवू दे, आलेला फ्लोट आधी स्ट्रिंग करायचा आणि मग डेसिमल, म्हणजे दोन ठिकाणी दोन कोड सांभाळायला नकोत आणि २.६७५ सरळ दिलं तर उत्तरही बरोबर येईल. पण गुणाकार आधीच फ्लोटमध्ये झाला असेल तर चूक तिथंच शिरलेली असते, ती तुम्हाला नंतर पुसता येत नाही, आणि म्हणूनच हा रस्ता कायमचा उघडा ठेवू नका असं मी म्हणते. मग वॉर्निंग टाका. पायथनची डेप्रिकेशनवॉर्निंग बहुतेक ठिकाणी डीफॉल्टनं दाखवलीच जात नाही, शेवटच्या माणसापर्यंत जायला पाहिजे असेल तर फ्यूचरवॉर्निंग वापरा, ती दिसते. स्टॅकलेव्हल २ द्यायला विसरू नका, नाहीतर वॉर्निंग तुमच्याच फाइलची ओळ दाखवते आणि वापरणाऱ्याला आपल्या कोडात कुठं बदल करायचा ते कळत नाही. मजकुरात नवीन फंक्शनचं नाव, एका ओळीचं उदाहरण आणि जुनं कुठल्या व्हर्जनला जाणार ते स्पष्ट लिहा, ‘लवकरच काढू’ असलं मोघम नको.

किती दिवस ठेवायचं? मी वर्षभर तरी म्हणेन, आणि काढाल तेव्हा व्हर्जनचा पहिला आकडा वाढवून काढा. बिलांची लायब्ररी आहे तर मार्चएंडच्या तोंडावर अजिबात काढू नका. कुणी काकुळतीला येऊन लिहिलं की अजून थोडं थांबा, तर थांबा. पायथनवाल्यांनीही कलेक्शन्स मॉड्यूलमधली काही जुनी नावं ३.९ ला काढायची ठरवून शेवटी ३.१० ला काढली, कारण पायथन २ सोबत चालणारा बराच कोड अजून बाहेर होता.

प्रश्न: नवीन मशीनवर पायथन ३.१२ टाकलं आणि माझी जुनी स्क्रिप्ट बंद पडली, इम्प नावाचं मॉड्यूल सापडत नाही म्हणते. असं न सांगता कसं काय काढतात?
– एक वाचक, कागल

उत्तर: सांगितलं होतं भाऊ, २०१४ च्या ३.४ व्हर्जनपासून ते डेप्रिकेटेड होतं, २०२३ ला काढलं. तुम्हाला दिसलं नाही याचं कारण बहुधा वर लिहिलंय तेच, वॉर्निंग बऱ्याचदा लपलेली असते, त्यामुळं तुमचा राग मला समजतो. आता पायथनमधलंच इम्पोर्टलिब हे मॉड्यूल वापरा, त्यात पर्याय आहेत, फक्त नाव बदलून भागणार नाही, मॉड्यूल लोड करायची दोन-तीन ओळींची पद्धत वेगळी आहे. आणि बाकीच्या स्क्रिप्ट अजून जुन्या मशीनवर असतील तर नवीनवर हलवायच्या आधी तिथंच एकदा वजा चिन्ह, कॅपिटल डब्ल्यू आणि डीफॉल्ट (-W default) हा ऑप्शन देऊन चालवा, लपलेल्या वॉर्निंग सगळ्या स्क्रीनवर येतील. यादी मोठी निघाली तर घाबरू नका, एकच ओळ दहा ठिकाणी असते बऱ्याचदा. डिस्टयुटिल्स (पॅकेज बांधायचं जुनं मॉड्यूल) हे नाव त्यात आलं तर ते आधी हातात घ्या, तेही ३.१२ मध्ये गेलंय.