दिवाळी संपल्यावरचं पुणं

चिमणे,

काल रात्री तुझा निरोप वाचला. ‘बाबा, तिकीट काढलंस खरं, पण मी पोचेपर्यंत दिवाळी होऊन गेलेली असणार. मग चार आठवडे मी पुण्यात करू काय? आणि आजी सारखी त्रिपुरीला ये, त्रिपुरीला ये म्हणते. ती काय भानगड आहे? दिवे दिवाळीत लावून झाले ना, परत कशाला लावायचे?’ फोनवर सांगायला गेलो तर अर्धवट राहील, म्हणून निवांत बसून लिहितोय. इथे लंडनला आत्ता चार वाजून गेलेत आणि घरात दिवे लावावे लागलेत. रस्त्यावर कुणी नाही. तुझं सगळं लहानपण असेच नोव्हेंबर बघण्यात गेलं, त्यामुळे ‘सण संपला, आता काय’ असं तुला वाटणं अगदी साहजिक आहे.

आधी त्रिपुरीचं सांगतो, कारण बाकीचं सगळं त्यातूनच कळेल.

कार्तिकातली पौर्णिमा ती त्रिपुरी पौर्णिमा. गोष्ट अशी की तारकासुराच्या तीन मुलांनी तीन पुरं, म्हणजे तीन नगरं वसवली होती. ती अजिंक्य होऊन बसली, लोकांना छळू लागली, तेव्हा शंकराने एकाच बाणात तिन्ही पुरं जाळली. तो दिवस हा, म्हणून शंकराच्या देवळांत दिवे लावतात. यंदा अधिक ज्येष्ठ आला होता, म्हणून सगळंच पुढे गेलंय. चांद्रवर्ष आपल्या नेहमीच्या वर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी लहान असतं. ती तूट साठत जाते आणि दर बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक जादा महिना घालून भरून काढतात. त्यामुळे २०२६ची दिवाळी ८ नोव्हेंबरला आली आणि त्रिपुरी २४ तारखेला. तू २० तारखेला पोचतेस. आजीने पंचांग बघूनच तुझ्या तिकिटाची घाई केली असणार.

आता तुझा खरा प्रश्न, परत दिवे कशाला. मला उमगलंय ते असं. दिवाळीचा दिवा आपल्या दारातला असतो. आपला उंबरठा, आपली रांगोळी, आपला आकाशकंदील. त्रिपुरीचा दिवा घरातून उचलून बाहेर न्यायचा असतो, जिथे तो कुणा एकाचा राहत नाही अशा जागी. देवळाच्या दीपमाळेवर, घाटाच्या पायरीवर. दीपमाळ तू जेजुरीच्या फोटोत पाहिली आहेस, दगडी खांबाला चहूबाजूंनी हात फुटल्यासारखी असते ती. वर्षभर कावळे बसतात तिच्यावर. तिचं रूप बघायचं ते त्रिपुरीच्या संध्याकाळी.

आजीची तयारी तर आश्विनातच सुरू होते. दुपारी जेवणं आटोपली की ती खिडकीशी कापूस घेऊन बसते. त्यातली सरकी काढते, कापूस बोटांनी पिंजून मोकळा करते, मग दुधाच्या थेंबात बोटांची टोकं बुडवून पीळ देते. दूध लावलं की टोक नीट वळतं, सुटत नाही. त्रिपुराला साडेसातशे वाती जाळायची रीत आहे. त्या सगळ्यांचा एक जुडगा करून तुपात भिजवतात आणि देवापुढे एकदम पेटवतात. मी शाळेतून येईपर्यंत तिचा त्या दिवसाचा वाटा वळून झालेला असायचा. मी मोजायचो, चुकायचो, ती न मोजता बरोबर आकडा सांगायची. तू गेल्यावर तिच्याशेजारी बस आणि निदान एक वात तिच्याकडून शीक. हे मी तुला इथे शिकवू शकलो नाही, कारण मला स्वतःलाच कधी नीट जमलं नाही आणि याचं मला खरंच वाईट वाटतं.

त्रिपुरीला आम्ही ओंकारेश्वराला जायचो. मुठेच्या काठचं पेशवेकाळातलं महादेवाचं देऊळ, घरापासून चालत दहा मिनिटांवर. पणत्या दिवाळीतल्याच न्यायच्या. नवी पणती आधी पाण्यात भिजवावी लागते, नाहीतर मातीच सगळं तेल पिऊन टाकते. दिवाळीतल्या पणत्या मात्र तेल पिऊन काळ्या-तुकतुकीत झालेल्या असतात, त्यांना थोडक्या तेलात भागतं. आजी त्या परडीत ओळीने लावायची, मधे कागद कोंबायची म्हणजे वाजायच्या नाहीत. तेलाची बाटली माझ्या हातात. नदीकडून वारा यायचा आणि दिवा काही केल्या टिकायचा नाही. काडेपेटीतल्या काड्या संपायच्या. मग शेजारी जी कुणी बाई असेल तिच्या पेटत्या पणतीला आपली वात टेकवायची. कुणी कुणाला विचारायचं नाही. ती आपला तळवा आडोशाला धरायची, आपली वात धरेपर्यंत हात काढायची नाही. त्या तळव्याच्या आत पडलेला पिवळा उजेड मला अजून दिसतो. थोड्या वेळाने आपली पणती कोणती हे ओळखू यायचं नाही.

हे तू करशीलच. आजीचे गुडघे आता साथ देत नाहीत, तेव्हा परडी तू धर आणि पायऱ्यांवर तिचा हात सोडू नकोस. जमलं तर आत्याबरोबर रात्री पर्वतीही चढून ये. १०३ पायऱ्या आहेत, उंची बेताची. वरचं देवदेवेश्वराचं देऊळ नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधलं. वरून सगळं शहर पायाशी दिसतं. तुझ्या आईला विचार, ती तुला कोल्हापूरचं सांगेल. तिथे त्रिपुरीच्या पहाटे पंचगंगेचा घाट पणत्यांनी भरून जातो. ती म्हणते त्याच्यापुढे पुण्याचं काही नाही. मी वाद घालत नाही.

आता चार आठवड्यांचं. एक खूणगाठ बांध. कार्तिकात आमच्याकडे माणसं घराबाहेर पडतात. पावसाळ्याचे चार महिने व्रतं, उपास, चिखल. दिवाळीत पाहुणे आणि फराळ. ते उरकलं की हवा कोरडी होते, पहाटे गारठा पडतो, दुपारी ऊन असलं तरी टोचत नाही. म्हणून जे काही असतं ते अंगणात, झाडाखाली, टेकडीवर, नाहीतर देवळात भल्या पहाटे असतं.

तू पोचशील त्याच सुमाराला तुळशीची लग्नं सुरू होतील, द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत. आजीचं वृंदावन गॅलरीत आहे, त्याला गेरू लावायचं काम तुझ्यासाठी राखून ठेवायला सांगितलंय मी. उसाचा मांडव करतात, बुंध्याशी आवळे आणि चिंचा ठेवतात, मधे अंतरपाट धरून खरोखरीच्या लग्नासारख्या मंगलाष्टका म्हणतात. अंतरपाट धरायला दोन माणसं लागतात, एक तू. खाली सोसायटीत मुलांनी दिवाळीत केलेला मातीचा किल्ला असेल, त्यावर पेरलेले अळीव एव्हाना वाढून लवलेले असतील. तो बघून घे, कारण तुळशीचं लग्न लागलं की बरेचदा तो मोडतात.

पौर्णिमेच्या आत एक दिवस पहाटे उठून काकड्याला जा. कोजागरीपासून त्रिपुरीपर्यंत महिनाभर विठ्ठलाच्या देवळांत काकड आरती असते. काकडा म्हणजे कापडाची वळलेली जाड वात. आमच्या पेठांतल्या विठोबांची नावं ऐकलीस तर तुला मजा वाटेल. पासोड्या विठोबा, निवडुंग्या विठोबा, उपाशी विठोबा. प्रत्येक नावामागे काहीतरी कथा आहे, ती देवळातल्या म्हाताऱ्या माणसांनाच विचार, त्यांना सांगायला आवडतं. तुला अभंग येत नाहीत याची चिंता करू नकोस, टाळ हातात देतील, बाकीचं आपोआप जमतं.

मग आवळीभोजन. कार्तिकात आवळ्याच्या झाडाखाली जेवायची पद्धत आहे. आवळीत विष्णूचा वास असतो असं मानतात, आणि याच दिवसांत आवळे धरलेले असतात. आजीचं भजनी मंडळ डबे घेऊन जातं. मसालेभात, पुऱ्या, मटारची उसळ, आवळ्याची चटणी. झाडाची पूजा करायची, पंगत मांडायची. आवळा आधी तुरट लागेल, थुंकून टाकू नकोस. नीट चावून खा आणि वर पाणी पी, पाणी गोड लागतं.

मंडईत मात्र एकटी जा. महात्मा फुले मंडईची ती अष्टकोनी मनोऱ्याची दगडी इमारत तू बाहेरून पाहिली आहेस, आत शिरलेली नाहीस. या दिवसांत आत जे असतं ते वर्षात पुन्हा नाही. पावट्याच्या शेंगा, तुरीच्या शेंगा, ताजा मटार, कोवळी वांगी, पेरू, शेवटची सीताफळं, आणि बाहेर फुलवाल्यांकडे शेवंतीचे ढीग. भाव विचार, मराठीत विचार. तुझे उच्चार ऐकून बायका ‘कुठली गं तू’ म्हणतील, तेव्हा लाजू नकोस, ‘नारायण पेठेतली’ म्हणून सांग. आहेसच तू.

वांग्यांचं एक विशेष. चातुर्मासात बऱ्याच घरांत कांदा, लसूण, वांगी वर्ज्य असतात. खंडोबाचं षड्रात्र मार्गशीर्षात सहा दिवस असतं आणि चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत आणि बाजरीचे रोडगे करतात. यंदा ती डिसेंबरच्या मध्यावर येतेय, तू असशील. आजी वांगं निखाऱ्यावर भाजते, गॅसवर नाही. तो वास घरभर राहतो.

टेकडीला मात्र रोज जायचं. पुण्यात ‘फिरायला जातो’ म्हणत नाहीत, ‘टेकडीला जातो’ म्हणतात. आत्या वेताळ टेकडीला जाते, पहाटे सहाला खाली उभी राहा. पावसाळ्यातलं हिरवं गवत आता वाळून सोनेरी झालेलं असतं, कमरेएवढं, आणि त्यावर ऊन तिरपं पडतं. तिथे किंवा नदीकाठी एक पक्षी बघ. इथे दुकानाच्या पार्किंगमध्ये सारखी शेपटी खालीवर करत चालणारा काळा-पांढरा पक्षी तुला लहानपणी फार आवडायचा. त्याचाच भाऊबंद, पांढरा धोबी, थंडी घालवायला उत्तरेकडून आपल्याकडे उतरतो. तूही त्याच दिवसांत उतरतेयस, म्हणून मला त्याची आठवण झाली.

सिंहगड एकदा करच, पण पायी, आतकरवाडीच्या वाटेने. गाडीने वर गेलीस तर पिठलं-भाकरीला आणि मडक्यातल्या दह्याला ती चव येणार नाही. रविवार टाळ.

आळंदीला कार्तिक वद्य एकादशीपासून मोठी यात्रा भरते. वद्य त्रयोदशीला ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली, १२९६ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी. तुझ्याहून तीन वर्षांनी मोठे, बस. गर्दीच्या दिवशी आजीला नेऊ नकोस. यात्रा पांगली की एखाद्या साध्या सकाळी जा आणि अजानवृक्षाखाली थोडा वेळ नुसती बसून ये.

आणि सवाई. सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, भीमसेन जोशींचे गुरू. ते १९५२ मध्ये गेले आणि पुढच्याच वर्षी भीमसेनजींनी त्यांच्या स्मरणार्थ हा संगीत महोत्सव सुरू केला. सहसा डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात असतो, आता मुकुंदनगरला. माझ्या वेळी रमणबागेच्या मैदानावर असायचा आणि रात्रभर चालायचा. घरून सतरंजी, शाल, चिवड्याचा डबा आणि थर्मास न्यायचा. मी मध्यरात्रीपर्यंत तग धरायचो, मग आजीच्या मांडीवर झोपायचो. ती मला पहाटे भैरवीला उठवायची. अंगावर दव पडलेलं असायचं आणि हजारो माणसं गप्प बसलेली असायची. शेवटी सवाई गंधर्वांच्याच जुन्या ध्वनिमुद्रणातला आवाज लावायचे. मला तेव्हा गाण्यातलं काही कळत नव्हतं, पण इतकी माणसं एकत्र शांत बसू शकतात हे मी तिथे पाहिलं. आता वेळेचं बंधन आहे, रात्रभर नसतो. तरी तू खुर्चीचं तिकीट काढू नकोस, भारतीय बैठकीत बस.

हे सगळं करायलाच हवं असं नाही. त्रिपुरी मात्र चुकवू नकोस. ओंकारेश्वराहून मला फोन करू नकोस, व्हिडिओ काढू नकोस, दोन्ही हात मोकळे लागतील. घरी आल्यावर आजीच्या शेजारी बसून सांग.

जाड स्वेटर मोठ्या बॅगेत टाकू नकोस, हातात ठेव. मुंबईहून येताना पहाटे लोणावळ्याला चहाला गाडी थांबेल, तेव्हा लागेल.

तुझा,
बाबा