शेजाऱ्याने बंधारा घातला, आमची वाडी समुद्रात चालली, आता आम्ही पण दगड टाकू का?

दादा, तुमचं पत्र नीट वाचलं. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. देवबागला आजोबांची वाडी, सातबाऱ्यावर 32 गुंठे, त्यातले आठ-नऊ गुंठे समुद्राने माडांसकट नेले. उत्तरेच्या शेजाऱ्याने होमस्टे वाचवायला दोन पावसाळ्यांआधी मे महिन्यात काळ्या दगडाचा बंधारा घातला आणि तेव्हापासून तुमच्याकडची धूप डबल झाली. तुम्ही ठाण्यात, भाऊ गावाला, आणि भाऊ म्हणतोय जेसीबीवाला तयार आहे, शिमग्याला सगळे येतील तेव्हा आपण पण टाकून मोकळे होऊ. तलाठी म्हणतो सीआरझेड (किनाऱ्यालगतचा, बांधकामावर बंधनं असलेला पट्टा) आहे, हात लावू नका. वर एक मुंबईची पार्टी जमीन विकत मागतेय.

पहिलं उत्तर भावाला द्या: जेसीबी आणायचा नाही. 2019 च्या सीआरझेड अधिसूचनेत धूप रोखायची कामं मुळात बंद नाहीत, पण ती आधी मंजुरी घेऊन करायची असतात, अर्ज महाराष्ट्र सागरकिनारा व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जातो. मंजुरीशिवाय केलंत तर पर्यावरण संरक्षण कायद्यात आता जेल नाही, जनविश्वास कायद्याने ती काढली, पण 10 हजारांपासून 15 लाखांपर्यंत दंड ठेवलाय. आणि पुळणीतली वाळू उपसून गोणी भरायचा विचार असेल (तुम्ही लिहिलं नाहीये, पण सगळे तेच करतात) तर तो वेगळा गुन्हा, जमीन महसूल अधिनियमाच्या कलम 48 खाली वाळूच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आणि मशीन जप्त. जेसीबीवाला तुमच्या नावाने शंख करेल तो वेगळाच. केरळात सीआरझेड मोडून बांधलेले मरडूचे फ्लॅट जानेवारी 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने स्फोटाने पाडले, तेव्हा कोण बघतंय हा हिशोब करू नका.

शिवाय कायदा बाजूला ठेवला तरी ते काम टिकणार नाही. लाट दगडावर आपटून परत फिरते ती पायथ्याची वाळू घेऊन जाते, आणि बंधारा जिथे संपतो त्या टोकाला खड्डा पाडते, तुमची वाडी नेमकी त्या टोकाला आहे. तुम्ही घातलात की टोक पुढच्याच्या दारात सरकणार आणि तो तुमच्यावर केस करणार. देवबाग म्हणजे एका बाजूला दर्या, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी, तिथे एकेकट्याने केलेलं काम म्हणजे आपली धूप शेजाऱ्याला पाठवणं. चेन्नईच्या राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने 1990 ते 2018 चा अभ्यास केला त्यात महाराष्ट्राचा साधारण 25 टक्के किनारा धुपतोय असं निघालं, म्हणजे तुम्ही एकटे नाही आहात, पण त्याने तुमची वाडी वाचत नाही हे मलाही कळतं.

आता शेजारी. आधी तो बंधारा नक्की कुणी घातला ते काढा, त्याने स्वतः की पतन विभागाने (सरकारचं बंदर खातं). आपल्याकडे बरेच धूपप्रतिबंधक बंधारे सरकारीच असतात आणि लोक उगाच शेजाऱ्याशी भांडत बसतात. माहिती अधिकारात पतन विभाग आणि प्राधिकरण दोघांना अर्ज टाका, गट नंबर देऊन एवढंच विचारा की इथल्या बांधकामाला मंजुरी आहे का आणि असेल तर कॉपी द्या. 30 दिवसांत उत्तर आलं पाहिजे.

मंजुरी नाही असं निघालं तर लेखी तक्रार कलेक्टरकडे, कारण जिल्ह्याच्या सीआरझेड समितीचे अध्यक्ष तेच असतात, आणि त्या समितीत स्थानिक किनारी समाजाचे किमान तीन प्रतिनिधी असायला पाहिजेत, ते कोण आहेत ते पण विचारा. तिथे हललं नाही तर पुण्याचं हरित न्यायाधिकरण, म्हणजे पर्यावरणाच्या केसेसचं कोर्ट. इथे मुदत बघा: त्याच्याच कायद्याच्या कलम 14 खाली कारण घडल्यापासून सहा महिने (फार तर वर 60 दिवस), ती तुमची गेली. पण कलम 15 खाली नुकसानभरपाई आणि जागा पूर्ववत करून मागायला पाच वर्षं आहेत, ती अजून चालू आहेत. वकील कलम 14 लावायला लागला तर त्याला तारीख दाखवा. मात्र धूप बंधाऱ्यामुळेच वाढली हे सिद्ध करावं लागणार, समुद्र आधीही खातच होता असं समोरचा म्हणणारच.

म्हणून पुरावा आत्ता गोळा करा, पाऊस लागायच्या आत. भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज भरा आणि मोजणीदाराला सांगा की गटाची मूळ हद्द आणि आजची किनाऱ्याची कड दोन्ही नकाशावर दाखवा. भावाला दर मोठ्या उधाणानंतर एकाच जागेवरून, म्हणजे वाडीतल्या विहिरीच्या कठड्यावरून, फोटो काढायला सांगा. गूगल अर्थवरचे जुने फोटो तारखेसकट सेव्ह करा. कोर्टात जायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे डिजिटल पुराव्याचं, सर्टिफिकेट लागतं, म्हणून मूळ फोन विकू नका.

गेलेल्या जमिनीचं काय हा तुमचा खरा प्रश्न आहे. सातबाऱ्यावरचं नाव आपोआप जात नाही. पण महसूल अधिनियमाच्या कलम 20 प्रमाणे भरतीरेषेखालचा समुद्रतळ सरकारचा, फक्त जी जमीन कुणाच्या मालकीची आहे ती सोडून, आणि भांडण सगळं त्या ‘सोडून’ शब्दातच आहे. म्हणून कुणी सांगितलं की जमीन गेली तर शेतसारा कमी करून घ्या, तर करू नका. एकतर ती सवलत अर्धा एकर, म्हणजे 20 गुंठे गेल्याशिवाय नाही, आणि चार-दोन रुपयांसाठी तुम्ही स्वतःच्या सहीने लिहून देणार की जमीन समुद्रात गेली. कलेक्टरने उद्या तुमच्या हक्काविरुद्ध निकाल दिला तर दिवाणी दाव्याला एकच वर्ष असतं, नोटीस आली तर बाजूला ठेवू नका.

भरपाई मिळेल असं मी सांगणार नाही. सरकारी मदतीच्या आपत्तींच्या यादीत चक्रीवादळ आहे, पूर आहे, रोजची धूप नाही. जमीन वाहून गेल्याची मदत आहे ती दरड, हिमकडा किंवा नदीने पात्र बदललं तर. त्यामुळे वादळात नुकसान झालं असेल, 2021 च्या तौक्तेसारखं, तर पंचनामा त्याच दिवशी करून घ्यायचा, त्यावर वादळाचं नाव आलं पाहिजे. पंधराव्या वित्त आयोगाने धूप रोखायला 1500 कोटी आणि विस्थापितांच्या पुनर्वसनाला 1000 कोटी देशभरासाठी सुचवले होते, असे पैसे एकट्या अर्जाला मिळत नाहीत, ग्रामसभेचा ठराव करून अख्ख्या किनाऱ्याचा प्रस्ताव जावा लागतो. त्या ठरावात शेजाऱ्याला पण घ्या, जमलं तर.

आणि ती मुंबईची पार्टी. विकायला माझी हरकत नाही, पण 32 गुंठे लिहून विकू नका. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे जमिनीतला मोठा दोष विकणाऱ्याने सांगायचा असतो. मोजणीची क प्रत (मोजणीनंतर मिळणारा नकाशा) खरेदीखताला जोडा, जागेवर आज किती आहे ते लिहा, सीआरझेडचा उल्लेख करा आणि मग भाव बोला. पार्टी पळाली तर समजा की तिला 32 गुंठ्यांवर रिसॉर्ट दाखवून कुणाला तरी पुढे विकायचं होतं.