भाऊबीजेला भाच्यांना काय द्यावे?

प्रश्न: मी साताऱ्याची निवृत्त शिक्षिका आहे. लग्न केले नाही, त्यामुळे धाकट्या भावाची दोन मुले हाच माझा संसार आहे असे म्हटले तरी चालेल. भाची 19 वर्षांची आहे, पुण्यात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि वसतिगृहात राहते. भाचा 15 वर्षांचा, कोल्हापुरात दहावीला आहे. दर भाऊबीजेला मी भावाकडे जाते आणि मुलांसाठी काहीतरी नेते. गेल्या वर्षी भाचीला चांदीचे पैंजण दिले. भाच्याला बुद्धिबळाचा नाद आहे, तो स्पर्धाही खेळतो, म्हणून आग्र्याहून आणलेला संगमरवरी पट आणि यशस्वी कसे व्हावे याविषयीची दोन पुस्तके दिली. मे महिन्यात गेले तेव्हा पट माळ्यावर होता, पुस्तके उघडलेलीही नव्हती आणि पैंजण भावजयीच्या कपाटात होते. भावजय म्हणाली, "ताई, तुम्ही उगाच दमता. पैसेच द्या, मुलं त्यांचं त्यांचं घेतील." मला ते लागले. दुबईला असलेला मुलांचा मामा भाच्याला दहावी झाल्यावर स्कूटर घेऊन देणार आहे. त्याच्यापुढे माझे सहा-सात हजार रुपये काय दिसणार? भाची अभ्यास सोडून कॉलेजच्या एकांकिकांची प्रकाशयोजना करत हिंडते, तेही मला पसंत नाही. या वर्षी काय द्यावे? की खरोखर पाकीटच द्यावे?

उत्तर: ताई, आधी त्या संगमरवरी पटाविषयी बोलू, कारण तुमच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर त्यातच आहे. मुलाला बुद्धिबळ आवडते हे तुम्ही बरोबर हेरलेत आणि प्रवासातून तो जड पट जपून आणलात, यात तुमच्या मायेबद्दल कोणी शंका घेणार नाही. परंतु स्पर्धेत खेळणाऱ्या मुलाला असा पट म्हणजे शिकणाऱ्या गायकाला भिंतीवर टांगायचा तंबोरा दिल्यासारखे आहे. स्पर्धेतील सोंगट्यांचे आकार ठरलेले असतात, राजा साधारण साडेनऊ सेंटीमीटर उंच असतो आणि पटावरील घराची बाजू पाच ते सहा सेंटीमीटर असते. खेळाडूची नजर त्याच आकारांना आणि त्याच प्रमाणाला सरावलेली असते. शोभेच्या पटावर उंट कोणता आणि वजीर कोणता हे क्षणभर थांबून पाहावे लागते, नाजूक सोंगटी पडली तर घोड्याचा कान तुटतो, आणि तो पट दप्तरात घालून क्लबला नेता येत नाही. भाच्याने तो माळ्यावर टाकला तो तुमचा अनादर म्हणून नव्हे. त्याला त्याचा उपयोग नव्हता आणि तसे तुम्हाला सांगण्याचे धैर्यही नव्हते.

लहान मुलाचा आनंद आपल्या अंदाजाने साधतो, पण चौदा-पंधरा वर्षांच्या पुढचे मूल आपल्या आवडीच्या विषयात बहुधा आपल्यापेक्षा अधिक जाणते. त्यामुळे त्या विषयातील वस्तू बाहेरून पाहून घेतली तर ती हमखास एक पायरी खालची किंवा निव्वळ दिखाऊ निघते. म्हणून विचारावे लागते आणि विचारण्याचीही रीत असते. "तुला काय हवंय?" असे फोनवर विचारलेत तर "काही नको आत्या" एवढेच उत्तर येईल, कारण मराठी घरातील मुलांना मागणे हा उद्धटपणा आहे असेच आपण शिकवलेले असते. त्याऐवजी नेमके विचारा. घरी सराव करताना घड्याळ कोणाचे वापरतोस? स्पर्धेला जाताना पट स्वतःचा नेतोस की मित्राचा? डाव लिहून ठेवायला वही आहे का? अशा प्रश्नांना तो पाच मिनिटे सलग बोलेल आणि त्याच्याकडे काय नाही हे त्याच्याच तोंडून कळेल.

माझा अंदाज असा की दोन्ही खेळाडूंचा वेळ मोजणारे बुद्धिबळाचे डिजिटल घड्याळ त्याच्याकडे स्वतःचे नसावे. हल्लीच्या बहुतेक स्पर्धांत प्रत्येक खेळीनंतर खेळाडूला काही सेकंद वाढवून मिळतात. उदाहरणार्थ, 90 मिनिटे आणि प्रत्येक खेळीला 30 सेकंद हे प्रमाण पुष्कळ ठिकाणी असते, आणि काट्यांच्या जुन्या घड्याळात ही सोय नसते. घड्याळ, गुंडाळून नेता येणारा व्हिनाइलचा पट आणि तळाशी वजन घातलेल्या प्लास्टिकच्या सोंगट्या हे सारे तुमच्या रकमेत बसते. दिसायला ती भेट आग्र्याच्या पटापुढे सामान्य वाटेल, पण तिचा वापर रोज होईल. यंदा त्याची दहावी आहे आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा आहे, त्यामुळे "आता हे कशाला?" असा सूर घरात निघेल. तो निघाला तर घड्याळ आता देऊन उन्हाळ्यातील एका स्पर्धेचे प्रवेशशुल्क मी भरीन असे भाच्याला सांगा आणि ती स्पर्धा त्यालाच निवडू द्या. परीक्षेनंतरच्या सुट्टीत वाट पाहण्यासारखे काही असणे हे या वयात वस्तूपेक्षा कमी मोलाचे नसते.

याच संदर्भात एक सावधगिरीही सांगून ठेवते. नागपूरच्या दिव्या देशमुखने 2025 मध्ये वयाच्या एकोणिसाव्या वर्षी महिलांचा विश्वचषक जिंकल्यापासून पटापुढे बसलेल्या मुलांकडे घरचे लोक वेगळ्या नजरेने पाहू लागले आहेत. घड्याळ हातात देताना "आता तूही तसा हो" हे वाक्य कृपया उच्चारू नका. यशाची ती दोन पुस्तकेही याच कारणामुळे उघडली गेली नाहीत, असे मला वाटते. तुम्ही आयुष्यभर वर्गात शिकवलेत, तेव्हा हे तुम्हाला मी सांगायला नको, पण मुलांना आडून केलेला उपदेश फार लवकर ओळखू येतो. वेळेचे नियोजन शिकवणारी पुस्तके, इंग्रजी संभाषणाचा कोर्स, पुरळ आलेल्या मुलीला त्वचेचे मलम, अंगाने भरलेल्या मुलाला व्यायामशाळेची फी, या भेटी हातात पडताच मूल त्यातून "तुझ्यात हे कमी आहे" एवढेच वाचते, आणि तेही चार नातेवाइकांच्या देखत.

आता भाचीकडे वळते, कारण तिच्या बाबतीत तुमचे पत्र मला अधिक अस्वस्थ करून गेले. तिला प्रकाशयोजनेत रस आहे हे तुम्हाला ठाऊक आहे आणि तरीही भेटीचा विचार करताना तो रस तुम्ही तक्रारीच्या रकान्यात टाकला आहे. पुण्यात आंतरमहाविद्यालयीन एकांकिकांची परंपरा लहानसहान नाही. पुरुषोत्तम करंडक स्पर्धा 1963 पासून चालत आलेली आहे आणि भरत नाट्य मंदिराच्या रंगमंचावर एकदा तरी उभे राहावे, निदान विंगेत तरी, यासाठी मुले महिनोन्‌महिने तालमी करतात. त्यात प्रकाशयोजना करणाऱ्या मुलीला टाळ्या क्वचितच मिळतात. नेमून दिलेल्या थोड्या वेळात दिवे लावायचे, कोणता दिवा कोणत्या डिमरवर, म्हणजे प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या उपकरणावर, आणि त्याला किती भार पेलेल याचा हिशेब करायचा, आणि संहितेतील नेमक्या शब्दाला बरोबर प्रकाश बदलायचा, हे काम हलगर्जीपणाने करता येत नाही. ते अभियांत्रिकीच्या शिक्षणाला उपयोगी पडेल म्हणून चांगले, असे मी म्हणणार नाही. तिला ते आवडते, ती ते जबाबदारीने करते आणि भेट निवडताना एवढे कारण पुरे आहे. अभ्यास मागे पडतो आहे का, हा प्रश्न वेगळा आहे. तो तिच्या आईवडिलांनी तिच्या निकालाकडे पाहून विचारावा. भाऊबीजेच्या भेटीतून तो विचारू नये.

तिच्यासाठी वस्तूच घ्यायची असेल तर डोक्याला बांधायची छोटी बॅटरी आणि उष्णता सोसणारे हातमोजे घ्या. रंगमंचावरचे जुन्या पद्धतीचे दिवे हाताला चटके देतात आणि विंगेतल्या अंधारात दोन्ही हात मोकळे लागतात. तिच्याकडे हे आधीच आहे का, हे तिच्या भावाला विचारा. भावंडांना एकमेकांच्या गरजा आईवडिलांपेक्षा नेमक्या माहीत असतात आणि हे गुपित राखण्यात भाच्यालाही मजा येईल. "अभियांत्रिकीची मुलगी आहे, ड्राफ्टर देते" असे मनात आले असल्यास थांबा. ड्राफ्टर, म्हणजे आराखडे काढायचे साधन, पहिल्या वर्षी लागतो आणि वर्ष संपले की धाकट्यांच्या हाती जातो.

परंतु माझे मत विचाराल तर तिला सर्वांत मोलाची भेट बाजारात मिळणार नाही. सातारा ते पुणे अंतर सुमारे 110 किलोमीटर आहे, गाड्यांची वानवा नाही आणि तुम्ही निवृत्त आहात. तिच्या पुढच्या प्रयोगाची तारीख विचारा, तिकीट स्वतः काढा आणि प्रेक्षकांत जाऊन बसा. प्रयोग संपल्यावर तिच्या चमूला उडप्याकडे नेऊन इडली-डोसा खायला घाला. अमुक प्रसंगात प्रकाश हळूहळू कमी होत गेला तो कसा केलास, असा एक खरा प्रश्न तिला विचारा आणि उत्तर पुरते ऐका. घरातील कोणी मोठे माणूस आपले काम पाहायला आले, हे त्या वयात मुले विसरत नाहीत. मग दिवाळीत हातमोजे दिलेत काय किंवा पाकीट दिलेत काय, ते आपल्याला ओळखणाऱ्या माणसाने दिले आहे हे तिला कळेल.

पाकिटाला तुम्ही इतके कमी लेखू नये, असेही मला वाटते. वसतिगृहातील मुलीला रोख रकमेची गरज असते आणि ती कोणाला सांगण्यासारखी नसते. रविवारी संध्याकाळी पुष्कळ मेस बंद असतात, त्यामुळे आठवड्यातून एक जेवण बाहेरचे असतेच. कपडे धुण्याची सोय, झेरॉक्स, मैत्रिणीच्या वाढदिवसाची वर्गणी, रात्री तालीम संपल्यावर एकटीने परतण्यापेक्षा केलेली रिक्षा, या खर्चांचा हिशेब घरी देताना मुली संकोचतात. तेव्हा पाकीट द्यायचे असेल तर त्यावरचे नाव तरी स्वतःच्या हाताने लिहा, आत चार ओळींचे पत्र ठेवा आणि "याचा हिशेब मी विचारणार नाही" हे स्पष्ट लिहून खरोखरच विचारू नका. "काय घेतलेस मग?" हा प्रश्न तीन महिन्यांनी आला की भेटीची रक्कम तिच्या मनात पुन्हा तुमची होते. भाच्याला रोख द्यायची असल्यास ती त्याच्या नावाच्या बचत खात्यात भरा. दहा वर्षांवरील मुलांना बँकेने घातलेल्या मर्यादेत आपले खाते स्वतः चालवता येते, अशी रिझर्व्ह बँकेची मुभा आहे.

पैंजणांचे म्हणाल तर ती भेट चुकीची नव्हती, वेळ मात्र चुकली. सामायिक खोलीत राहणारी, रात्री उशिरापर्यंत शिडीवर चढून दिवे बांधणारी मुलगी चांदी कुठे सांभाळणार? तिने ते आईच्या कपाटात ठेवले हा शहाणपणाच आहे. पुढे तिच्यासाठी सोने-चांदी घ्यावेसे वाटले तर अवश्य घ्या, पण तो ऐवज म्हणून भावजयीच्या हाती द्या आणि भेट वेगळी, लहानशी असू द्या.

राहिला मामा आणि त्याची स्कूटर. रकमेची तुलना मुले करतात यापेक्षा आपणच अधिक करतो, त्यामुळे त्या विचाराला मी फार जागा देत नाही. स्कूटरविषयी मात्र भावाशी आजच बोला, आणि मत्सर म्हणून नव्हे, तर आत्या म्हणून बोला. भाचा दहावी होईल तेव्हा सोळाच्या आसपास असेल. सोळाव्या वर्षी कायद्याने फक्त 50 सीसीपर्यंतच्या विनागिअर दुचाकीची मुभा आहे आणि बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या स्कूटर त्याहून कितीतरी मोठ्या, 100 ते 125 सीसीच्या असतात. त्यासाठी 18 वर्षे पूर्ण व्हावी लागतात. मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केल्यास पालकाला किंवा वाहनमालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. मामाला बहुधा हे माहीत नसेल, कारण तो बरीच वर्षे बाहेर आहे. त्याने तीच रक्कम दोन वर्षे मुदत ठेवीत ठेवली तर त्याचा शब्दही राहील आणि मुलगाही सुरक्षित राहील.

भावजयीच्या बोलण्याचा मी तुमच्याइतका वाईट अर्थ लावत नाही. माळ्यावरचा पट तुम्ही पाहिलात तेव्हा ती ओशाळली असणार आणि त्या भरात जे सुचले ते बोलली. पुढच्या आठवड्यात तिला फोन करा आणि "यंदा मी घड्याळ घेते आहे, त्याच्याकडे आधीच नाही ना एवढे गुपचूप पाहून सांग" असे म्हणा. खरेदी झाली की दुकानाचे बिल डब्यातच राहू द्या, म्हणजे वस्तू बदलायची वेळ आली तर मुलाला तुमच्याकडे मागावे लागणार नाही. त्या माळ्यावरच्या पटाचा विषय मात्र दिवाळीत काढू नका. फारच वाटले तर परत येताना तो साताऱ्याला घेऊन या. तुमच्या दिवाणखान्यात तो शोभेल.